रुस्तमचा सलाम

“चावतो का?” दादांनी विचारलं.

“न्हाई दाजी.”

“भुंकतो?”

“कामाशिवाय न्हाई.”

“केस गळतात?”

“थोडं गळत्यात. कुणाचं गळत न्हाईत?” असं म्हणून भगवंतमामानं दादांच्या टकलाकडे बघायचं कटाक्षानं टाळलं. मी मात्र बघितलं.

बार्शीच्या आमच्या घराच्या ओट्यावर ही चौकशी चालली होती. दादा खुर्चीत, मामा पायरीवर, आई दारात, आणि मामाच्या हातातल्या दोरीच्या दुसऱ्या टोकाला रुस्तम. रंगानं गुळाच्या ढेपेसारखा, लॅब्राडोर जातीचा, तोंडाभोवतीचे केस पांढरे झालेले. तो दादांकडे बघतसुद्धा नव्हता. कुंपणावरच्या सरड्याकडे बघत होता.

मामा आईचा धाकटा भाऊ, पोलिसांच्या श्वानपथकात हवालदार. रुस्तम पिल्लू असल्यापासून त्याच्या हाताखाली वाढला होता. बॉम्ब हुडकायचं त्याचं काम. मंत्र्यांच्या सभा, यात्रा, रेल्वे स्टेशनं, सगळीकडे जाऊन हुंगून आला होता. उभ्या नोकरीत एकही खरा बॉम्ब सापडला नाही, हे मामा अभिमानानं सांगायचा. आता रुस्तमला निवृत्त केलं होतं. मामाची बदली झाली होती, नवं क्वार्टर वरच्या मजल्यावर होतं आणि मामीला दमा होता. आम्ही ठेवून घेतला नाही तर माढ्याकडचा एक बागायतदार त्याला डाळिंबाच्या बागेत राखणीला बांधायला तयार होता.

“बांधून घालनार त्यो, दाजी,” मामा म्हणाला. “ह्यानं जन्मात साखळी बघितली न्हाई.” एवढा मिशीवाला हवालदार, टोपी डोळ्यांवर ओढून बसला.

“राहू द्या की,” आई दारातून म्हणाली. लग्न झाल्यापासून तिनं स्वतःसाठी काही मागितल्याचं माझ्या ऐकिवात नव्हतं. त्यामुळे या तीन शब्दांचं वजन दादांना कळलं. पण लगेच हो म्हणतील तर ते दादा कसले!

दादा एस.टी. स्टँडवर वाहतूक नियंत्रक होते. त्यांच्या शिट्टीशिवाय गाडी हलत नसे. सकाळी खळ घातलेला पांढरा शर्ट घालून ते केबिनकडे निघाले की ड्रायव्हर, कंडक्टर, हमाल, चहावाला, सगळे कपाळाला हात लावून “रामराम साहेब” म्हणायचे. निवृत्त झाल्यावर शर्टाची खळ तेवढी राहिली. भाजीवाली त्यांना “ओ काका, मेथी घ्या” म्हणाली त्या दिवशी ते जेवले नव्हते.

“हे बघ भगवंता,” दादा म्हणाले, “कुत्रं आणायच्या आधी माणसानं दहा वेळा विचार केला पाहिजे. त्याला फिरवणार कोण? परगावी गेलो तर बघणार कोण? आजारी पडलं तर? शेजाऱ्यांनी तक्रार केली तर? त्याचं वय काय? अजून किती दिवस काढेल?”

“चार-पाच वर्सं काडंल की आरामात.”

“चार-पाच,” दादा स्वतःशीच म्हणाले आणि उगाच रस्त्याकडे बघत राहिले. मग एकदम खाकरून त्यांनी निकाल दिला, “दसऱ्यापर्यंत बघू. नाही जमलं तर परतीची गाडी.”

मामा उठला. “एक ऱ्हायलं दाजी. त्याच्या कामाचं थोडं सांगायचं हाय. त्यो जवा—”

“रिटायर झालाय ना?”

“झालाय.”

“मग कामाचं काय सांगतोस? रिटायर झालेल्याला कुणी कामाचं विचारू नये.”

हे वाक्य दादांनी इतकं मनापासून म्हटलं, की मामा पुढं काही बोलला नाही. त्यानं रुस्तमच्या डोक्यावर हात ठेवला, पिशवी उचलली आणि मागं न बघता गेला. पिशवीत रुस्तमचा रबरी चेंडू तसाच राहून गेला होता, हे आम्हाला पुढं कळलं.

सलामाची सुरुवात दुसऱ्याच सकाळी झाली. दादा अंघोळ करून, शर्ट घालून, खिशात चष्म्याचं घर आणि काय काय कोंबून ओट्यावर आले. रुस्तम शेपूट हलवत त्यांच्याजवळ गेला, शर्टापाशी नाक नेलं आणि गपकन थांबला. शेपूट थांबली. मग तो दादांच्या समोर ताठ बसला, पुढचे पाय जुळवून, मान वर करून. आवाज नाही, हालचाल नाही. नजर दादांच्या छातीवर.

“ह्याला काय झालं?” मी विचारलं.

दादांनी पाठ सरळ केली. त्यांच्या चेहऱ्यावर मी कित्येक दिवसांत न पाहिलेलं काहीतरी आलं. “काय झालं म्हणजे, वैजू? पोलीस खात्यातलं जनावर आहे. साहेब कोण ते त्याला कळतं.” त्यांनी कपाळाला हात लावून सलाम स्वीकारला आणि म्हणाले, “विश्राम!”

रुस्तम हलला नाही. दादांनी बिस्किट दिलं. ते त्यानं दातांत धरलं, पण खाल्लं नाही. मागं वळून बघितलं, पुन्हा दादांकडे बघितलं, जणू आणखी कुणी काही द्यायचं राहिलं होतं. मग निरुपायानं उठला.

त्या दिवसापासून रोज सकाळी हा समारंभ. गंमत म्हणजे दादा बनियनवर असले की रुस्तम त्यांना हिंग लावून विचारत नसे. शर्ट घातला की सलाम. “युनिफॉर्मची किंमत आहे त्याला,” दादा म्हणायचे. हळूहळू ते शर्टाला जास्त खळ घालायला सांगू लागले. ओट्यावर यायची वेळ अशी साधू लागले की रस्त्यानं शाळेतली मुलं, दूधवाला, शेजारी असे चार लोक बघायला असावेत. भाजीवाली एकदा थांबून बघत राहिली आणि म्हणाली, “अगं बया, साहेब हाईत व्हय तुम्ही!” दादांनी त्या दिवशी दोन जुड्या मेथी घेतली. आमच्याकडे मेथी कुणीही खात नाही.

सलाम फक्त दादांनाच होता असंही नाही. एकदा रुस्तम शेजारच्या भस्मेकाकूंच्या घरात शिरला आणि त्यांच्या माजघरातल्या पत्र्याच्या ट्रंकेसमोर तस्साच ताठ बसला. काकू धावत आमच्याकडे आल्या. “आवं, त्या ट्रंकेत आमच्या गौरींचे मुखवटे हाईत! मुक्या जिवाला कळलं बगा!” त्यांनी रुस्तमला हळदकुंकू लावलं. दादांना ते फारसं आवडलं नाही, पण गौरींबरोबर आपली गणना होते आहे म्हणून त्यांनी चालवून घेतलं.

फिरायला मात्र रुस्तम कुचकामी निघाला. म्हणजे दादा तसं म्हणायचे. हौसेनं त्याला घेऊन निघायचे आणि नेहमीपेक्षा फार उशिरा परत यायचे. “म्हातारं झालंय हे. चार पावलं टाकली की बसतं. ओढ्याच्या पुलावर तर किती वेळ बसलो. मी नाही, तो.”

“घरात तर भस्म्यांच्या मांजरामागं वाऱ्यासारखा पळतो,” मी म्हटलं.

“घरातलं वेगळं. छातीचा काहीतरी प्रॉब्लेम आहे त्याला. दसऱ्याला भगवंत आला की सांगू, बाबा रे, तुझं कुत्रं आजारी आहे, घेऊन जा.”

सलाम घेऊन घेऊन दादा विरघळले आहेत असं आम्हाला वाटत होतं आणि हे माणूस अजून परतीच्या गाडीच्या गोष्टी करत होतं! त्याच दुपारी आईनं आणि मी रुस्तमला रिक्षात घालून जनावरांच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी नळी लावली, बराच वेळ ऐकलं आणि हसले.

“घोड्याची छाती आहे. कुणी सांगितलं आजारी आहे म्हणून?”

“ह्यांनी,” आई म्हणाली.

“मग त्यांना सांगा, काळजी करू नका.”

आम्ही विजयी मुद्रेनं घरी आलो. दादांनी सगळं ऐकून घेतलं, आणि मला वाटलं होतं तसे ते वाद घालायला उठले नाहीत. “मग उन्हानं होत असेल,” एवढंच म्हणाले आणि पेपर उघडला. पेपर उलटा होता, पण दादा रागावले की असं काहीबाही करायचे, म्हणून मी तिकडे लक्ष दिलं नाही.

दसरा आला. मामा सकाळच्या गाडीनं आपट्याची पानं, पेढे आणि पडलेला चेहरा घेऊन आला. रुस्तमनं त्याला असा काही लोळवला की टोपी गटारात गेली. मामा ओट्यावर बसला, आईनं चहा दिला. आत पोह्यांना फोडणी पडली होती. सगळे दादांच्या निकालाची वाट बघत होतो आणि दादा आत मुद्दाम वेळ लावत होते.

शेवटी ते आले. नवा शर्ट, खळ अशी की चालताना आवाज होत होता. रुस्तम उठला, त्यांच्याजवळ गेला, हुंगलं आणि बसला. ताठ.

“बघितलंस भगवंता?” दादा म्हणाले. “सलाम.”

मामाची कपबशी हातात होती ती तशीच राहिली. “दाजी,” तो अगदी हळू म्हणाला, “हलू नका.”

“का?”

“हलू नका म्हनतो ना! वैजू, अंगनात जा. आक्का, गॅस बंद कर, भाईर ये. पळायचं न्हाई कुणी. चालत. चालत भाईर जायचं.”

“अरे पण पोहे टाकलेत,” आई आतून म्हणाली.

“आक्का, पोहं मरू दे!”

आईनं गॅस बंद केला, पोह्यांवर झाकण ठेवलं, झाकणावर वजन ठेवलं आणि मग चालत बाहेर आली. मी अंगणात. कुंपणापलीकडे भस्मेकाकू, त्यांच्या हातात झाडू.

“दाजी, कुणी काय दिलंय का तुमाला? पार्सल, डबी, काय बी?”

“मला?” दादा म्हणाले. “मला आता साधं लग्नाचं निमंत्रण देत नाही कुणी. काय झालंय काय? सलाम करतोय तो. रोज करतो.”

“रोज?” मामाचा आवाज चिरकला. “आवं दाजी, त्यो सलाम न्हाई! त्याला बॉम्बाचा वास आला की त्यो असा बसतो. भुंकत न्हाई, शिवत न्हाई. गप बसतो आन् माल कुठं हाय तिकडं बगत ऱ्हातो. त्येच तर मी सांगत होतो त्या दिवशी!”

सगळ्यांनी रुस्तमच्या नजरेच्या रेघेवरून बघत बघत दादांचा खिसा गाठला. भस्मेकाकू झाडूसकट खाली बसल्या.

मामा पुढं सरकला. सगळी नोकरी ज्या क्षणासाठी केली तो क्षण बहिणीच्या ओट्यावर येईल असं त्याला वाटलं नसणार. दोन बोटांनी त्यानं दादांच्या खिशातून एकेक वस्तू काढून खाली ठेवली. चष्म्याचं घर. रुमाल. एस.टी.ची जुनी शिट्टी. रुस्तम जागचा हलला नाही. शेवटी एक छोटी काचेची शिशी निघाली. ती बाहेर आली तशी रुस्तमची मान तिच्याबरोबर वळली.

“हे काय हाय?”

“पोटाचं औषध,” दादा म्हणाले. फार भरकन म्हणाले.

मामानं शिशी उजेडात धरली. कुंपणापलीकडून भस्मेकाकूंनी डोळे बारीक करून बघितलं आणि त्या उठून उभ्या राहिल्या. “आवं, ही तर आमच्या ह्यांची गोळी! छातीत कळ आली की जिभेखाली धरायची.”

मामा मटकन बसला. “बरोबर हाय. सुरुंगात जे असतं, त्येच चिमूटभर ह्यात असतं. ट्रेनिंगला सांगितलं होतं आमाला. एकांदं कुत्रं औषधालाबी बसतं म्हनून.” त्यानं रुस्तमचं डोकं दोन्ही हातांत धरलं. “शाबास रे माझ्या पठ्ठ्या.” पिशवीतून रबरी चेंडू काढून त्यानं अंगणात फेकला. रुस्तम जो काही आनंदानं उडाला! इतके दिवस रोज सकाळी तो बिचारा इमानानं बसत होता, आणि बक्षीस म्हणून आम्ही त्याला ग्लुकोजची बिस्किटं देत होतो.

“म्हणजे,” दादा म्हणाले. त्यांचा चेहरा मला अजून आठवतो. चोरी पकडली गेल्याचं त्यांना काहीच नव्हतं. “म्हणजे तो मला मान देत नव्हता?”

“मान?” आई म्हणाली. तिचा चढलेला आवाज मी पहिल्यांदा ऐकला. “कधीपासून दुखतंय?”

“थोडं. चढाला.”

“म्हणजे पुलावर कुत्रं बसत नव्हतं.”

दादांनी खाली ठेवलेली शिट्टी उचलली.

“रोज सकाळी कुत्रं तुमच्यासमोर बसून सांगत होतं. कुत्र्याला कळलं, मला नाही कळलं. का नाही सांगितलं?”

“सांगून काय? सोलापूरला नेणार, छाती उघडणार. मी परत येईन न येईन.” दादा शिट्टीशी चाळा करत होते. “म्हणून तर त्याला नको म्हणत होतो. एका घरात एकच म्हातारं परवडतं. मी गेलो आणि हा मागं राहिला, तर तुम्ही दोघी माझ्यासाठी रडाल की त्याला फिरवाल?”

यावर आई रडली, मीही रडले, मामाचं तर आधीच सुरू होतं. कुंपणापलीकडून भस्मेकाकू डोळे पुसत म्हणाल्या, “आता आठवलं. त्या ट्रंकेत मुखवट्यांखाली आमच्या नातवानं दिवाळीच्या उरलेल्या लवंगी माळा ठेवल्यात.”

कुणी मला आज विचारलं की कुत्रं आणायच्या आधी काय बघावं, तर मी खाणं, फिरणं, केस वगैरे काही सांगत नाही. त्याचा आधीचा धंदा विचारून घ्या म्हणते. आमच्या दादांनी सगळं विचारलं, तेवढंच विचारलं नाही.

सोलापूरला ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, आणखी थोडा उशीर केला असता तर आम्ही काही करू शकलो नसतो. परतीच्या गाडीचा विषय अर्थातच संपला. रुस्तम आमचा झाला. मामानं चेंडू ठेवून जाताना आईला बजावलं, “आक्का, आता ह्यो बसला तर चेंडू दे. बिस्किटावर त्याची बोळवन करू नगंस.”

दादा घरी आले, जरा सावरले, आणि एक दिवस सकाळी पांढरा शर्ट घालून ओट्यावर गेले. त्या शिशीतल्या गोळ्यांची आता गरज नव्हती. आईनं ती शिशी फडताळात हिंगाच्या डब्यात ठेवून दिली होती, म्हणजे रुस्तम दिवसभर फडताळासमोर बसायला नको. रुस्तम दादांजवळ आला. शर्ट हुंगला, शेपूट हलवली, हात चाटला आणि पोह्यांच्या वासानं आत निघून गेला.

दादा उभेच राहिले. रस्त्यावर दूधवाला थांबला होता.

“बरोबर आहे,” दादा म्हणाले. “खिसा रिकामा झाला, सलाम बंद. एस.टी.तही असंच झालं.”

त्यानंतर त्यांनी शर्ट घालणं सोडलं. दिवसभर बनियनवर बसायचे. पेपर वाचत नसत. डॉक्टरांनी थोडं थोडं चाला म्हणून सांगितलं होतं, तेही टाळायचे. टाके भरले, भूक सुधारली, पण माणूस काही उभारी धरेना. आई ते रोज बघत होती.

एक दिवस सकाळी तिनं कडक इस्त्री केलेला शर्ट त्यांच्यापुढं धरला. “घाला. भस्मेभाऊजी तुम्हाला बघायला येणारेत. असं उघडं काय भेटायचं?”

दादांनी कुरकुरत घातला. ओट्यावर आले. रुस्तम आळोखेपिळोखे देत उठला, जवळ आला आणि गपकन थांबला. शेपूट थांबली. पाय जुळले, मान वर झाली.

बसला!

“अगं!” दादा ओरडले. “वैजू! बघ, बघ! आता तर खिशात काही नाही, तरी बसला!”

आई स्वयंपाकघरातून आली. तिच्या हातात चेंडू तयार होता. तो अंगणात फेकत ती म्हणाली, “त्यात काय नवल? एकेकाचा मानच असतो तसा.”

त्या दिवशी दादा पुलापर्यंत चालत गेले. दुसऱ्या दिवशी पुलापलीकडे गेले. रोज शर्ट, रोज सलाम. भाजीवालीची मेथी पुन्हा घरात येऊ लागली.

नंतर एकदा आई देवळात गेली होती आणि मी कपडे भिजवायला घेतले. दादांच्या शर्टाच्या खिशात सवयीनं बोटं घातली. तळाशी, शिवणीत, एक बारीकशी गोळी अडकली होती. बोटं नाकाशी नेली. हिंगाचा वास.

मी ती गोळी तळहातावर घेऊन ओट्यावर गेले. दादा रुस्तमची पाठ खाजवत होते.

“दादा, हे—”

“ठेव जागेवर,” ते मान वर न करता म्हणाले.

“तुम्हाला माहीत आहे?”

“पहिल्याच दिवशी कळलं, पुलावर पोचलो तेव्हा. शर्टाला हिंगाचा वास येतो, मला नाक नाही का? स्टँडवर मी पिशवी बघून आत काय आहे ते सांगायचो.”

“मग आईला बोलला का नाहीत?”

दादांनी रुस्तमचे कान कुरवाळले. “ती रोज पहाटे उठून इस्त्री करते, गोळी ठेवते, चेंडू घेऊन दाराआड उभी राहते. एवढा सलाम मला कुणी केला होता? स्टँडवर तर ते केबिनला करायचे. हा मी बंद पाडू?”

मी गोळी गुपचूप हिंगाच्या डब्यात ठेवून आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी दादा ओट्यावर आले. रुस्तम ताठ बसला. दादांनी टाक्यांसकट छाती पुढं काढली, टाचा जुळवल्या, आणि स्वयंपाकघराच्या दाराकडे तोंड करून कपाळाला हात लावला.

“अहो, रुस्तम तिकडं बसलाय,” आई आतून म्हणाली. “इकडं काय बघताय?”

“असू दे,” दादा म्हणाले आणि त्यांनी हात खाली घेतला नाही.